श्रावण ते शिमगा: खाडीत चालवलेला ॲल्युमिनियमचा नवा पंखा

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात उतरवताना मशीनला बसवलेला पंखा (प्रोपेलर) शिमग्यापर्यंत चालवून झाला, म्हणून आता लिहितोय. आठवडाभर वापरून पाच तारे देणाऱ्यांचा पंखा बहुधा चिखलातून एकदाही गेलेला नसतो.

होडी फायबरची, नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या जेटीला असते. मशीन (होडीच्या मागे अडकवायचं आउटबोर्ड इंजिन) जुनी, दोन स्ट्रोक, ९.९ हॉर्सपॉवर. मे महिन्यात वाशी पुलाच्या अलीकडे सुकतीच्या (ओहोटीच्या) पाण्यात बुडालेल्या सळईवर जुना पंखा बसला. एका पात्याचं टोक वळलं, दुसऱ्याचा नखाएवढा टवका उडाला. दिसायला किरकोळ. पण पात्यांचा तोल गेला की होडीची मागची फळी गुरगुरते, थ्रॉटल वाढवला की पंखा पाणी सोडतो, आणि तो हादरा शाफ्टच्या बेअरिंगला नि सीलला बसत राहतो. सील गेलं की गिअर ऑइलमध्ये खारं पाणी. पंख्याचे पैसे वाचवायचे आणि गिअरबॉक्सचे भरायचे, हा व्यवहार मला पटत नाही. नशिबाने पुढे जून-जुलैची मासेमारी बंदी होती, शोधाशोधीला वेळ मिळाला.

स्टील घ्यावं की ॲल्युमिनियम, यावर जेटीवर चिकार चर्चा झाली. स्टील सहजी वाकत नाही, धार टिकते, आणि किंमत दुप्पट-तिप्पट. आमच्या आळीतले एक काका मात्र म्हणाले, "बाला, स्टीलचा पंखा वाचंल, पन गिअर खाईल." मुद्दा बरोबर आहे. ॲल्युमिनियमचं पातं वाकून धक्का स्वतःवर घेतं. स्टील तो तसाच आत पाठवतं. आपल्या खाडीत सळया, जुने खुंट, भरावाचे दगड, सगळं पाण्याखाली आहे. म्हणून ॲल्युमिनियमच घेतला.

खरा फरक मात्र धातूने नाही, पिचने (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकायला हवा त्या अंतराने) पडला. जुना पंखा सव्वानऊ इंच व्यासाचा, नऊ इंच पिचचा. माझ्या मशीनला पूर्ण थ्रॉटलवर ४५०० ते ५५०० आरपीएम (मिनिटाला फेरे) मिळायला हवेत. प्लगच्या वायरीला गुंडाळायचं टॅकोमीटर लावलं, तर चार माणसं, जाळी आणि बर्फाची पेटी घेऊन आकडा ४३०० च्या आसपासच अडायचा. म्हणजे मशीन कायम दमलेली. पिच एक इंचाने कमी केली की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, म्हणून तोच व्यास ठेवून आठ इंच पिच घेतली. आता भरल्या होडीत मशीन ४५०० ओलांडते, उधाणाच्या ओढीविरुद्ध वर येताना कण्हत नाही. रिकाम्या होडीचा वरचा वेग थोडा उतरला, तो उतरणारच.

बदलायचं काम घरच्या घरी होतं. आधी प्लगच्या वायरी काढा. न्यूट्रलवर आहे म्हणून हात घालू नका, दोन स्ट्रोक मशीन नुसत्या फिरण्याने सुरू होऊ शकते. पातं आणि वरची आडवी प्लेट यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवा, स्प्लिट पिन पकडीने सरळ करून काढा, नट सोडा. पंखा बाहेर आला की शाफ्टच्या बुडाशी बघा. माझ्या शाफ्टवर तंगुसाचा (गळाच्या नायलॉन दोरीचा) घट्ट गुंता निघाला, हाच सीलला आतून करवतासारखा कापतो. आत पितळेची जाड थ्रस्ट वॉशर असते. जुन्या पंख्याला चिकटून ती भंगारात जाते आणि नवा पंखा तिच्याशिवाय बसवला तर तो पुढे सरकून गिअरच्या घरावर घासतो. ती पहिल्यासारखीच, त्याच बाजूने परत लावायची. शाफ्टच्या दातांना खाऱ्या पाण्यात टिकणारं ग्रीस चांगलं चोपडा, नाहीतर पुढच्या वेळी पंखा हातोड्यानेही निघणार नाही. नट घट्ट केल्यावर पिनचं भोक जुळत नसेल तर थोडा आणखी आवळा, सैल करू नका. पिन नवीन, स्टेनलेसची.

मुंबईत रे रोडजवळच्या दारुखाना भागातल्या ज्या दुकानातून घेतला त्यांनी खोक्यात ना वॉशर दिली ना पिन, आणि विचारल्यावर "जुनी चालते ना" असं उत्तर. पिनसाठी वेगळी फेरी झाली.

आता झीज. काळा रंग दिवाळीपर्यंत पुढच्या कडेवरून पूर्ण उडाला, खालचं धातू वाळूने खरवडलंय, बारीक खळगे आहेत. पाती सरळ आहेत. मी बसवतानाच मधल्या बुशीपासून बाहेरच्या भागावर पांढरी रेघ मारली होती, कारण त्या दोघांमधलं रबर सुटलं तर मशीन ओरडते आणि होडी जागची हलत नाही, पण पंखा बाहेरून शाबूत दिसतो. रेघ अजून एका ओळीत आहे. शिमग्याला गिअर ऑइल काढलं, दुधाळ नव्हतं, म्हणजे आत पाणी शिरलेलं नाही. खाडीतून आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात मशीन चालवतो, त्याचाही यात वाटा असेल.

जुना पंखा लेथवाल्याकडून ठोकून, भरून घेतलाय. तो हादरतो, पण सुट्या पिना आणि पान्यासोबत होडीत ठेवलाय. ओढत आणण्यापेक्षा बरा.

दोघंच जण गळ टाकायला जात असाल, होडी हलकी असेल, तर आठ इंच पिच घेऊ नका. मशीन फुकट फिरेल, पेट्रोल जाईल. नऊच ठेवा.