कीबोर्डच्या वॉर्निंग्जने डीमेसेज भरतोय? लॉग लपवायचा, सेटकीकोड्स, एचडब्ल्यूडीबी की सरळ कर्नल पॅच

रामबागेतल्या आमच्या वाचनालयाचा जुना लॅपटॉप परवा घरी आणला, पोरं त्याच्यावर फॉर्म भरतात, लिनक्स मीच टाकून दिलेलं, आणि डीमेसेज, म्हणजे कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग, उघडून बघतो तर वरपासून खालपर्यंत एकच रडगाणं. ‘अननोन की प्रेस्ड’, त्याच्याखाली ‘सेटकीकोड्स वापरून ही की ओळखीची करा’, मग ‘अननोन की रिलीज्ड’ आणि परत तोच सल्ला. एका वेळेला चार ओळी, आणि कीबोर्डला कोणी हातसुद्धा लावलेला नाही! चार्जरची पिन सैल आहे, टेबल हललं की चार्जिंग जातं-येतं, आणि दर वेळेला लॅपटॉपचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, कीबोर्डच्याच वाटेने एक कोड पाठवतं. कर्नलमधल्या एटीकेबीडी या कीबोर्ड-ड्रायव्हरच्या तक्त्यात त्या कोडासमोर काहीच लिहिलेलं नाही म्हणून तो बोंबलतो. पिन बदलली तरी चार्जर लावला-काढला की ओळी येणारच, त्यामुळे दोष सगळा पिनेच्या माथी मारून चालणार नाही.

सगळ्यात आळशी उपाय म्हणजे कन्सोलचा लॉगलेव्हल (कुठले मेसेज स्क्रीनवर दाखवायचे तो आकडा) ४ करायचा, किंवा बूटच्या ओळीत ‘क्वाएट’ टाकायचं. वॉर्निंगची लेव्हलच ४ आहे आणि कन्सोलवर लॉगलेव्हलपेक्षा कमी आकड्याचेच मेसेज येतात, म्हणजे स्क्रीन एकदम साफ. पण ओळी बफरमध्ये, म्हणजे डीमेसेज जिथून वाचतो त्या साठ्यात, पडतातच, आणि तो बफर ठराविक मापाचा असतो भिया, नवं आलं की जुनं बाहेर. उद्या हार्ड डिस्क कुरकुरली आणि तुम्ही डीमेसेजमध्ये शोधायला गेलात तर तिथे चार्जरचीच रामकहाणी. मला हा उपाय म्हणजे घर झाडून केर सतरंजीखाली सारण्यासारखा वाटतो.

सेटकीकोड्स, म्हणजे कोडासमोर की नेमून देणारी कमांड, त्यापेक्षा बरं, कारण ड्रायव्हर स्वतःच कमांड अर्धी लिहून देतो. रूट (अ‍ॅडमिन) होऊन ‘सेटकीकोड्स ई०२बी २५५’ मारलं (ई०२बी हा आमच्या चार्जरवाला कोड) की त्याच क्षणी शांतता, कारण ड्रायव्हरच्या हिशोबात २५५ म्हणजे ‘हा कोड आला तरी काही करू नको’. पण रीबूट केलं की सगळं विसरलं. मग सिस्टमडीची (बूटला सगळं सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) प्रत्येक बूटला चालेल अशी सर्व्हिस लिहा, आणि सहा महिन्यांनी ती कशाला लिहिली होती ते आठवत बसा. कोड बरोबर आहे ना एवढं तपासायला मस्त, कायमचं ठेवायला नाही.

माझं मत एचडब्ल्यूडीबीला, म्हणजे हार्डवेअर ओळखणाऱ्या यूडेव्हच्या माहितीसाठ्याला. ईटीसीखाली यूडेव्हच्या एचडब्ल्यूडीबी-डॉट-डी फोल्डरात एक छोटी फाइल, पहिल्या ओळीत लॅपटॉपच्या मॉडेलची ओळख, दुसऱ्या ओळीत कोड आणि त्याच्यापुढे ‘अननोन’. मग सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट, यूडेव्हएडीएम ट्रिगर, झालं. रीबूट झालं, कर्नल अपडेट झाला, तरी टिकतं. फक्त मी जिथे पाऊण तास घालवला ते ऐका. वॉर्निंगमध्ये कोड दिसतो ०एक्सएबी, आणि खालच्या सल्ल्यात तोच कोड ई०२बी असा येतो. दोन्ही एकच आहेत, एबीमधून ८० वजा केले की २बी उरतं आणि पुढे ई० लागतो, हिशोब सगळा हेक्सचा, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांचा. सेटकीकोड्सला ई०२बी लागतं, एचडब्ल्यूडीबीत मात्र नुसतं एबी लिहायचं, मी तिथेही ई०२बी लिहून बसलो आणि यूडेव्हला शिव्या घालत होतो. दुसरं म्हणजे कोडच्या ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस हवीच. आणि मॉडेलच्या जागी आळसाने नुसता स्टार टाकून तीच फाइल सगळ्या मशिनींवर चढवू नका, दुसऱ्या लॅपटॉपवर तोच कोड खऱ्याखुऱ्या बटणाचा असू शकतो.

राहिला पॅच, म्हणजे कर्नलच्या कोडमध्येच बदल. ड्रायव्हरच्या एटीकेबीडी-डॉट-सी फाइलमध्ये डेव्ह-वॉर्न या वॉर्निंग छापणाऱ्या फंक्शनच्या जागी त्याचा रेटलिमिटेड (मेसेजला मर्यादा घालणारा) भाऊ घातला की दर ५ सेकंदांत फार तर १० मेसेज, बाकीचे किती गिळले त्याचा आकडा. बदल दोन शब्दांचा, पण कर्नल स्वतः बांधा, जुन्या लॅपटॉपवर तर पोहे-जलेबी खाऊन, सराफ्यात फिरून आलात तरी बिल्ड चालूच असेल, आणि डिस्ट्रोचा (तुमच्या लिनक्सच्या आवृत्तीचा) पुढचा अपडेट आला की परत तेच. शिवाय आमच्यासारख्या केसमध्ये, जिथे मिनिटाला एखाद-दोनदाच कोड येतो, ती मर्यादा कधी लागणारच नाही! कोडांचा खरंच धबधबा लागला असेल तरच याचा उपयोग. तुमच्या मॉडेलच्या सगळ्यांचं भलं करायचंच असेल तर एचडब्ल्यूडीबीची तीच ओळ सिस्टमडी प्रोजेक्टला पाठवा, कर्नलला हात न लावता सगळ्यांपर्यंत पोचते.

आणि हो, तुमच्या लॉगमध्ये ‘अननोन की’ नसून ‘स्प्युरियस अ‍ॅक’ असेल तर वरचं एचडब्ल्यूडीबी, सेटकीकोड्स काही कामाचं नाही. त्यात कोडच नसतो, ड्रायव्हरने न मागितलेलं उत्तर कीबोर्डकडून आलेलं असतं, म्हणजे दुसरंच कोणी परस्पर हार्डवेअरशी बोलतंय का ते आधी शोधावं लागतं.