डी अँड डी फिफ्थ एडिशनचं लेव्हल-अप, दोन वर्षं गावात खेळून झाल्यावरचा रिव्ह्यू

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे डाइस टाकत, गोष्ट रचत आपापलं पात्र चालवायचा टेबलावरचा खेळ. त्याची फिफ्थ एडिशन आम्ही मोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावात दोन वर्षांपासून खेळून राहिलो. मी डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, खेळणारे चौघं, त्यात माझी चुलत बहीण एक. नियम म्हणजे एसआरडी ५.१, म्हणजे खेळाच्या मूळ नियमांची फुकट पीडीएफ, २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये खुली झाली ती, त्यातली लेव्हलची पानं तालुक्याले झेरॉक्स मारून आणली. मी फक्त लेव्हल वाढवायच्या पद्धतीबद्दल लिहितो, कारण आमचा गेम तिथंच मोडता मोडता वाचला.

आधी चांगलं ते. सगळ्या क्लासले, म्हणजे फायटर, चोर, विझर्ड (जादूगार) अशा पात्रांच्या प्रकारांले, लेव्हलचा एकच तक्ता आहे, जुन्या एडिशनमध्ये चोराचा वेगळा अन् जादूगाराचा वेगळा असायचा ती कटकट गेली. दुसरी लेव्हल ३०० एक्सपीले (अनुभवाचे गुण, दुश्मन मारले की मिळतात), तिसरी ९०० ले, चौथी २७०० ले, पाचवी ६५०० ले. सुरुवातीच्या लेव्हल पटकन होतात म्हणून नवीन माणूस एकेक गोष्ट शिकत जातो, हे लय चांगलं जमलं आहे. अन् पाचवी लेव्हल आली की खरी मजा, फायटरले एका टर्नमध्ये दोन वार मिळतात, विझर्डले फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा स्पेल (मंत्र) घेता येतो, टेबलावर जीव येतो बाप्पा.

आता हिट पॉइंट, म्हणजे पात्र किती मार सोसू शकते तो आकडा, दर लेव्हलले वाढतो. नियमात दोन पर्याय आहेत, डाइस टाका नाहीतर ठरलेला आकडा घ्या. आम्ही हौसेनं डाइस टाकायचो, स्टीलच्या परातीत, म्हणजे घरंगळत खाटेखाली जात नाहीत. आमच्या फायटरनं दुसऱ्या लेव्हलले डी टेन (दहा बाजूंचा डाइस) टाकला, तो टणटण करत परातीच्या काठाले लागला अन् १ वर थांबला. बहिणीच्या विझर्डनं डी सिक्स (सहा बाजूंचा) टाकला, ६ पडले. फायटरवाला मित्र शीटकडे, म्हणजे पात्राच्या कागदाकडे, पाहत राहिला, पेन्सिल हातातच. "भाऊ, एवढी वाट पाह्यली अन् एकच?" तो एक आकडा वीस लेव्हलपर्यंत शीटवर राहतो हो. तेव्हापासून ठरलेलाच आकडा, फायटरले ६, चोर अन् क्लेरिकले (पुजारी) ५, विझर्डले ४, त्यात कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे पात्राच्या काटकपणाचा, बोनस. नवीन टेबल असेल तर डाइस टाकूच नका.

खरी अडचण एक्सपीची. चार गोब्लिन (छोटे राक्षस) मारले की २०० एक्सपी, चौघांत वाटले की पन्नास पन्नास, हिशोब सोपा आहे, पण जो आला त्यालेच द्यायचे असं मी ठरवलं होतं. अन् आमच्याकडे हिवाळ्यात शेतीची लाईन कधी दिवसा तर कधी रातची, रातची असली की माणूस ओलिताले जातो, गेमले कसा येईल? तोच फायटरवाला मित्र डिसेंबर ते फेब्रुवारी आठ-नऊ गेम चुकला. बाकीचे पाचव्या लेव्हलले, हा तिसऱ्यावरच, एकूण २६ हिट पॉइंट. तो आला त्या रात्री दुश्मन जादूगारानं फायरबॉल टाकला, आठ डी सिक्स, त्याचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा डाइस, हुकला, २९ लागले. बाकीचे उभे राहिले, हा पहिल्याच झटक्यात खाली पडला. पुढच्या आठवड्यात लाईन दिवसाची होती तरी तो आला नाही.

मी दुसऱ्या दिवशी त्याच्या वावरात गेलो, मोटरपाशी बसलो अन् सांगितलं की तुझा फायटर आता पाचव्या लेव्हलले आहे, सगळ्यांसोबत.

तेव्हापासून एक्सपी मोजणं बंद. डंजन मास्टर्स गाइड या पुस्तकात हा मार्ग दिलेला आहे, कथेतला मोठा टप्पा पार झाला की सगळ्यांची लेव्हल सोबत वाढते, खेळणारे त्याले माइलस्टोन म्हणतात. त्यातच गेमच्या संख्येवर लेव्हल द्यायचा एक पर्याय आहे, पहिल्या गेमनंतर दुसरी, आणखी एका गेमनंतर तिसरी, मग दोन गेमनंतर चौथी, पुढे दर दोन-तीन गेमले एक. ज्यांचं टेबल दर आठवड्याले भरते त्यांच्यासाठी तो ठीक, आम्हाले मात्र वेग जास्त वाटला, लोकांना नवीन ताकद वापरून पाहायलेच वेळ मिळत नाही.

अजून एक, लेव्हल-अप गेमच्या रात्री करू नका. विझर्डले दर लेव्हलले दोन नवीन स्पेल पुस्तकात लिहायचे असतात, चौथ्या लेव्हलले अ‍ॅबिलिटी स्कोअर, म्हणजे ताकद-चपळाईसारखा आकडा, वाढवायचा असतो, बहीण पाऊण तास वाचत बसायची अन् बाकीचे मोबाइल काढायचे. आता गेम संपताना मी सांगतो लेव्हल वाढली, पानांचे फोटो ग्रुपवर टाकतो, सगळे घरून शीट भरून आणतात.

एसआरडीत प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास (उपप्रकार) आहे अन् सगळं इंग्रजीत, हे कमी वाटते. बहिणीनं मराठीत एक कागद केला आहे, कोणत्या लेव्हलले काय मिळते तेवढंच, दहाव्यापर्यंत झाला. लेव्हलच्या तक्त्यासाठी पाचपैकी साडेचार, वाटलेल्या एक्सपीसाठी दोन. फायटरवाला मित्र आता सातव्या लेव्हलले आहे, अन् रातची लाईन असली की त्याचं शीट बहीण चालवते.