स्कॅनर चांगलाय, पण पहिले दोन दिवस डोकं खातंय

आज्जाच्या वेळचे जमिनीचे कागद ट्रंकेत राहून राहून घडीवर फाटायला लागले, म्हणून शेवटी साडेपाच हजाराला एक फ्लॅटबेड, म्हणजे काचेवर कागद ठेवायचा स्कॅनर आणलो. बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानातून. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण निम्मी चूक माझीच आहे.

घरी आल्या आल्या केबल जोडून स्कॅन दाबलो तर आतून कर्रर्र कट्ट कट्ट असा आवाज, पप्पा आतल्या खोलीतनं ओरडले, "मिक्सरात काय घातलास रे, खोबरं की दगड?" घाबरून वायर काढलो. उलटा करून बघतो तर खाली कुलपाचं चित्र आणि एक बारकं सरकवायचं बटण. वाहतुकीत आतला दांडा हलू नये म्हणून तो लॉक करून पाठवतात, तो आधी सोडवायचा असतो. हे सांगणारा पिवळा स्टिकर मीच न वाचता फाडून टाकलो होतो.

मग ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला स्कॅनर ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर. बॉक्समध्ये सीडी आली आणि आमच्या कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्हच नाही, आता कुणाकडं असतोय की! कंपनीच्या साईटवरनं उतरवून घेतलो. पण मी आधीच केबल लावून बसलेलो, विंडोजनं त्याला अनोळखी पाहुणा म्हणून नोंदवून ठेवलेलं, त्यामुळं डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ते अनइन्स्टॉल करून, केबल काढून, ड्रायव्हर घालून, मग परत केबल लावल्यावर एकदाचं दिसलं. म्हणजे आधी ड्रायव्हर, मग केबल, हे ध्यानात ठेवा.

तरी अर्ध्या पानावर थांबायचं. याला वेगळा अडॅप्टर नाही, करंट यूएसबीतनंच घेतंय, आणि मी जोडलेलो कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला. मागच्या, थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावलो, गुमान चालायला लागलं. दुकानदारानं हे एक वाक्य सांगितलं असतं तर एक रात्र वाचली असती. पण तो बॉक्सवरचे डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके, ते मोजून दाखवण्यातच दंग. ते मोठे आकडे बघून भुलू नका, कागदाला 300 पुरतंय, जुन्या फोटोला 600. डीपीआय दुप्पट केला की फाईल चौपट, ए4 कलर पान 300 ला साधारण 26 एमबी कच्चं (न दाबलेलं) असतंय, 600 ला शंभरच्या वर जातंय. निळे-जांभळे शिक्के असतील तर ब्लॅक अँड व्हाइट करूच नका, शिक्का आणि त्याच्याखालची अक्षरं एकच काळा डाग होतात.

कंपनीचं सॉफ्टवेअर मला जड वाटलं. नॅप्स2 नावाचं फुकटचं घातलो, त्यात सगळी पानं एका पीडीएफमध्ये बसतात आणि ओसीआरला, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर करायला, मराठी, कन्नड दोन्ही भाषा घेता येतात. आमच्यासारख्यांना हे पाहिजेच ओ, 1956 च्या आधीचे, बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाचे आमचे कागद मराठीत, नंतरची पहाणी (सातबारासारखा उतारा) कन्नडात. छापील अक्षर बऱ्यापैकी ओळखतंय, तलाठ्याचं हातानं लिहिलेलं नाही. आणि पणजोबांचा मोडीतला एक कागद आहे तो कुणालाच वाचता येत नाही, त्यात मशीनला काय बोलायचं.

बाइंड केलेल्या वहीचं मात्र शिवणीकडं अंधुक येतंय. या पातळ स्कॅनरना कागद काचेला चिकटूनच लागतोय, जरा वर उचलला गेला की अक्षर पुसट. वर जाडजूड डिक्शनरी ठेवून बघितलो, थोडा फरक पडला.

खरी पंचाईत लीगल कागदाची. काच ए4 ची, म्हणजे पावणेबारा इंचाच्या आत, आणि जुने खरेदीपत्राचे कागद चौदा इंची. सही-साक्षीदार सगळे नेमके तळाला! दोनदा स्कॅन करून जोडून बघितलो, रेघ दिसते, पप्पांना पटेना. ए3 स्कॅनरचा भाव विचारलो आणि गप्प घरी आलो. तेवढे सहा कागद शेवटी कोर्टाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडंच नेऊन स्कॅन करून आणलो.