विनापरवाना खोली: नियमित करून घ्यावी की पाडावी?

गच्चीवर खोली चढली, मंजुरी मात्र राहून गेली. आता अर्ज करायचा की हातोडा घ्यायचा?

नियमित करायचं तर बांधकाम जसं उभं आहे तसे नकाशे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आणि बहुतेकदा दंडही आला. खरी गोची झाकलेल्या कामाची. सळ्या किती टाकल्यात हे पाहायला नवंकोरं प्लास्टर फोडावं लागतं, कधी पायाशी खड्डाही खणावा लागतो. एवढं करून अर्ज फेटाळला जाऊ शकतो तो वेगळाच.

पाडणं जिवावर येतं. पण हद्दीपासूनचं अंतरच कमी पडत असेल तर कागद कितीही रंगवा, भिंत काही सरकत नाही. तिथे मी पाडण्याच्याच बाजूचा. खिडकी लहान, कठडा बुटका, एवढंच असेल तर दुरुस्ती करून अर्ज टाकावा, तोही नोटीस यायच्या आत.