पोस्टात पार्सल टाकायचं 'गुप्त काम' आणि माझे ६१,८७४ रुपये

हे लिहायचं की नाही यावरून आमच्या घरात दोन दिवस वाद चालला होता. ह्यांचं म्हणणं, मी फसले हे गावात कळलंय तेवढं पुरे झालं. पण पोस्टात पार्सल टाकायच्या त्या कामाची जाहिरात मला बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून आली होती. त्या ग्रुपवर पंचक्रोशीतल्या अजून चाळीस-पन्नास बायका आहेत. परवा त्यांतल्या एकीने मला बाजारात बाजूला घेऊन विचारलं, "ता पोस्टाचा काम अजून चालू आसा काय गो?" त्या रात्रीच ठरवलं की लिहायचं.

आधी माझ्याबद्दल सांगते, कारण "एवढी शिकलेली असून" हे वाक्य मी आता खूप वेळा ऐकलं आहे. मी बी.कॉम. आहे. गटाचा हिशेब सात वर्षं मीच ठेवते. लॉटरी लागली म्हणणाऱ्यांना मी फोनवरच झाडलं आहे, ओटीपी आजपर्यंत कुणाला सांगितलेला नाही. पण २०२५ मध्ये मे संपायच्या आतच पाऊस लागला. झाडावर राहिलेला शेवटचा हापूस कॅनिंगला घालणार होतो, तोही भिजून फुकट गेला. मुलीची नर्सिंगची फी जुलैत भरायची होती आणि २७ ऑगस्टला गणपती. अशा वेळी कुणी फुकट पैसे देतो म्हणालं असतं तर मी हुंगूनही पाहिलं नसतं. हे तर काम होतं. रेनकोट चढवून स्कूटरवरून जाऊन, रांगेत उभं राहून करायचं काम.

टपाल सेवेची गुप्त पाहणी, असं त्याला नाव होतं. साध्या ग्राहकासारखं पोस्टात जायचं, स्पीड पोस्टाने पार्सल टाकायचं आणि घरी येऊन फॉर्म भरायचा. रांगेत किती मिनिटं गेली? वजन तुमच्यासमोर केलं का? आत काय आहे हे विचारलं का? पावती मागावी लागली की आपणहून दिली? दर भेटीला ४०० रुपये मानधन, टपालखर्च वेगळा. मी राहते तो भाग वाघोटन खाडीच्या अंगाचा, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या शिवेवरचा. विजयदुर्ग, पडेल, खारेपाटण, राजापूर, कुठलंही पोस्ट मला स्कूटरने गाठता येतं. "मॅडम, दोन जिल्हे कव्हर करणारी व्यक्ती आम्हाला मिळतच नव्हती," असं तो कोऑर्डिनेटर म्हणाला. शुद्ध मराठी, बोलणं अदबीचं. करारपत्र पाठवलं, त्यावर तिरंगी पट्टी आणि कुठलासा गोल शिक्का. त्यातलं चौथं कलम मला पाठ झालंय. पाहणी गुप्त असल्याने पोस्टातील कर्मचारी, कुटुंबीय व परिचित यांच्याशी चर्चा केल्यास मानधन रद्द होईल. वाचताना ते रास्तच वाटलं, गुप्त पाहणी म्हटल्यावर गुप्तता आलीच. पण त्या एका कलमाने त्यांनी मला सगळ्या शहाण्या माणसांपासून तोडलं. ह्यांना मी सांगितलं नाही, दादाला सांगितलं नाही. घरच्यांना सांगू नका असं कुठलंही काम सांगत असेल तर तिथेच फोन ठेवा.

असलं काम खरोखर असतं, हेही सांगायला हवं. मोठी दुकानं, हॉटेलं, पेट्रोल पंप गुप्त ग्राहक पाठवून सेवा तपासून घेतात. अमेरिकेत तिथल्या टपाल खात्यानेही माणसं पाठवून, पार्सल टाकायला लावून, खिडकीवरची सेवा तपासून घेतलेली आहे. त्याच नावाने तिथे फसवणूकही चालते आणि टपालाच्या तपास यंत्रणेने तसे इशारे दिलेले आहेत, हे भाचीने मला नंतर शोधून दाखवलं. तिथे घरी चेक येतो. तो खात्यात भरायचा आणि त्या पैशातून मनीऑर्डर काढून पुढे पाठवायच्या. काही दिवसांनी चेक खोटा निघतो आणि बँक सगळी रक्कम तुमच्याकडून वसूल करते. आपल्याकडे चेक कोण पाहतो? इथे यूपीआय आहे.

पहिली तीन पार्सलं मीच बांधली. मुलीच्या जुन्या वह्या, पाचशे ग्रॅमच्या आत, पत्ता मुंबईकडचा. टपालखर्च ७० रुपये ८० पैसे. संध्याकाळी ४७० रुपये ८० पैसे जमा. तीन वेळा तसंच, एकूण १,४१२ रुपये ४० पैसे. ऐंशी पैसेसुद्धा बरोबर आले म्हणून माझा विश्वास बसला, हे आज लिहितानाही मला संताप येतो. पैसे तिन्ही वेळा वेगवेगळ्या माणसांच्या खासगी खात्यातून आले होते, कंपनीच्या नावाने एकदाही नाही. हे मी पाहिलं होतं. पाहून सोडून दिलं.

मग मला वरच्या श्रेणीत घेतलं. आता बंद खोके तिकडून कुरिअरने येणार, मी फक्त पत्ता लिहून वेगवेगळ्या पोस्टांतून पुढे पाठवायचे, दर खोक्याला ७०० रुपये. सामानाची जबाबदारी म्हणून ६,५०० रुपये अनामत, परत मिळणारी. भरले. काम देणारा पैसे मागतोय म्हटल्यावर तिथेच थांबायला हवं होतं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. पण अनामत तर गॅस सिलिंडरलाही असते, असं मी मनाशी म्हटलं.

आता तो दिवस. २५ जुलै, शुक्रवार. पाऊस असा की समोरचा माड दिसत नव्हता. पोस्टात मी एकटीच. खिडकीवरचे भाऊ मला तोंडओळखीने ओळखतात. खोका हातात घेऊन त्यांनी पत्ता वाचला, परत वाचला आणि म्हणाले, "वैनी, हो पत्तो अर्धोच आसा. घर नंबर नाय, गल्ली नाय, नुसतो मोबाइल नंबर. आत काय आसा?"

मी म्हटलं, "पुस्तकं." तसंच सांगायला मला सांगितलं होतं.

"तुमच्या ओळखीचे आसत?"

"हो."

"बघा हां. पाठवणारी म्हणान नाव तुमचा पडता, नंबर तुमचा पडता. परत इला तर तुमच्याच घरी येतला."

हा माणूस मला थांबवत होता. त्याला त्याच्या कामाचा एक पैसा जास्त मिळणार नव्हता, मागे रांग नव्हती, घाई नव्हती. फक्त विचारावंसं वाटलं म्हणून विचारत होता. आणि मी? मला आनंद झाला, कारण फॉर्ममध्ये लिहायला काहीतरी मिळालं. घरी येऊन मी त्यांच्या वागणुकीला पाचपैकी दोन गुण दिले आणि शेऱ्यात लिहिलं: अनावश्यक चौकशी केली. पैसे गेले ते गेले. पण हे दोन गुण आठवले की अजून रात्री डोळा लागत नाही. कोऑर्डिनेटरने लगेच लिहिलं, "उत्तम निरीक्षण. त्या पोस्टात पुन्हा जाऊ नका." का जाऊ नका, हेही मी विचारलं नाही.

दुसरी खूण पाचव्या खोक्याची. डिकीत पाणी शिरून त्याचा कोपरा उकलला. आत एकावर एक पाकिटं. एकावर बँकेच्या कार्डाची कडा दिसत होती आणि कुणा अनोळखी माणसाचं नाव. म्हणजे पुस्तकं नव्हती. बँकेच्या टपालाची पाहणी असेल, असं मी म्हटलं आणि वरून चिकटपट्टी लावली. आता कळतं, दुसऱ्यांच्या नावावरची खाती आणि त्यांची कार्डं इकडून तिकडे पाठवायला या टोळ्यांना स्वच्छ नावाची माणसं लागतात. मी तसं स्वच्छ नाव होते. खोका भिजल्याचं मी प्रामाणिकपणे कळवलं. त्याच प्रामाणिकपणाचे पुढे त्यांनी २४,९९९ रुपये घेतले.

आठ खोके झाले. मानधनाचे ५,६०० रुपये त्यांच्या ॲपमध्ये 'शिल्लक' म्हणून दिसत होते, टपालखर्चाचे ७५५ रुपये २० पैसेही. काढायला गेले तर खातं 'पडताळणीत'. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पडताळणीचे १८,०००. मग जीएसटीचे ११,३४०. मग ८ ऑगस्टच्या संध्याकाळी, भिजलेल्या खोक्याची भरपाई २४,९९९. ती भरली की सगळं एकदम परत मिळणार. प्रत्येक वेळी आधीचे पैसे अडकलेले असायचे आणि ते सोडवायला पुढचे भरायचे. शेवटच्या रकमेसाठी मी गणपतीसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढले.

हिशेब मांडते. भरलेले ६०,८३९. आठ खोक्यांचा टपालखर्च ७५५.२०. पेट्रोल १,४८०. बेरीज ६३,०७४.२०. त्यातून सुरुवातीला मिळालेलं मानधन १,२०० वजा केलं की नुकसान ६१,८७४ रुपये २० पैसे.

९ ऑगस्टला दादा राखीसाठी मुंबईहून आला. माझा चेहरा बघून त्याने फोनच मागून घेतला आणि पाच मिनिटांत ओळखलं. तोवर त्या माणसाचा नंबर बंद झाला होता. त्याआधी सकाळी रागाच्या भरात मी निम्मं बोलणं पुसून टाकलं होतं. तुम्ही काहीही पुसू नका. शिव्या द्याव्याशा वाटल्या तरी तो संवाद तसाच ठेवा. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर (म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) कागदावर उतरवा, तिकडे सगळे आधी तोच विचारतात.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला. व्यस्त, व्यस्त, मग रेकॉर्ड केलेला आवाज. चाळीस मिनिटांनी माणूस मिळाला. त्याने तक्रार नोंदवून घेतली आणि बाकीचा तपशील सायबर पोर्टलवर भरायला सांगितला. आमच्याकडे पावसात नेटवर्क म्हणजे गच्चीच्या एका कोपऱ्यात उभं राहायचं. दादा छत्री धरून उभा आणि मी एकेक फोटो चढवतेय. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तिथे थांबवणं हाच या क्रमांकाचा उपयोग. नवऱ्याला कसं सांगू, लोक काय म्हणतील, यात घालवलेला एकेक तास त्यांच्या फायद्याचा असतो. मी एक अख्खी रात्र घालवली.

त्यात तो दुसरा शनिवार, बँक बंद. सोमवारी गेले. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलात ना? मग बँक काय करणार?" रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियम ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होता, मी तर स्वतःच्या हाताने पैसे पाठवलेले, हे मलाही समजतं. पण समोरच्या खात्याला कळवलं का, कधी कळवलं, एवढं तरी लेखी द्या म्हटलं तर, "तसं आम्ही देत नाही." मीही अर्ज तिथेच सोडून आले आणि पोच घेतल्याशिवाय हलले नाही. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

आणि पोलीस. तालुक्याच्या ठाण्यात म्हणाले, हे जिल्ह्याच्या सायबरचं काम. एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी गेले, तिथे म्हणाले, आधी तुमच्या ठाण्यात नोंद करा. परत ठाण्यात. हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची असं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (म्हणजे फौजदारी कार्यवाहीच्या कायद्याच्या) कलम १७३ मध्ये आहे, हे दादाने कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद त्यांनी वाचला आणि बाजूला ठेवला. "एवढ्याशा पैशाला कोण धावणार? तुम्ही हावेने भरलेत." हाव! मुलीच्या फीसाठी पावसात खोके वाहणारी बाई हावरी, आणि तिचं नाव वापरून कार्डं फिरवणारे कुठे आहेत हे शोधायची कुणाला गरज नाही. वर एकाने ऐकवलं, "पार्सलं तुम्हीच टाकलीत. उद्या काही निघालं तर पहिलं नाव तुमचंच." मी तेच सांगायला आले होते! आठही पावत्या, तेरा अक्षरांचे आठ नंबर, कुठे कधी पोहोचले ते सगळं मांडून ठेवलं होतं. एका पावतीचीही झेरॉक्स त्यांनी घेतली नाही. तीन खेपा, तीन दिवस, शेवटी अर्जावर एक शिक्का.

पोस्टात मात्र मी त्याच भाऊंकडे गेले. सगळं सांगितलं, दोन गुणांचंसुद्धा. ते काही बोलले नाहीत. नंबर एकेक करून तपासले. सहा पोहोचलेले, एक वाटेत, एक परत फिरलेला. वाटेतला परत मागवण्याचा अर्ज त्यांनी माझ्याकडून लगेच लिहून घेतला. तोवर तोही वाटला गेला होता. पाठवलेलं टपाल वाटप होण्याआधी पाठवणाऱ्याला परत मागवता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. कुणी अजून या फेऱ्यात असेल तर आजच पोस्टात जा.

परत फिरलेला खोका १९ ऑगस्टला घरी आला. २५ जुलैचाच, अर्ध्या पत्त्याचा. तो न उघडता तसाच ठाण्यात घेऊन गेले, तर म्हणाले, पंचनाम्याला माणूस नाही, सध्या सगळे गणपतीच्या बंदोबस्ताच्या तयारीत आहेत, घरीच ठेवा. तो आमच्याकडे माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या चौकटीचं, सामान ठेवायच्या फळीवर आहे. ह्यांनी त्यावर घोंगडं टाकलंय.

परवा १९३० वर नोंदवलेल्या तक्रारीची स्थिती पाहिली. ६०,८३९ पैकी ३,२११ रुपये कुठल्यातरी खात्यात रोखून ठेवलेले दिसतात. तेही हातात कधी येतील कोण जाणे.

ठाण्याने नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने कळवता येतं, असं त्याच कलमात पुढे दिलंय. दादाने अर्ज टाइप करून पाठवला. त्यात खोका घरात पडून असल्याचंही लिहिलंय आणि आठही पावत्यांच्या झेरॉक्स जोडल्यात. आज दुपारी तो स्पीड पोस्टाने टाकला. भाऊंनी पाकीट हातात घेऊन पत्ता नेहमीसारखा वाचला, पिनकोड तपासला आणि विचारलं, "आत काय आसा?" मी सांगितलं.