इन्स्टंट गीझर की स्टोरेज? तोटी सांभाळायची की नॉब फिरवायचा

थंडी पडली की आमच्या धुळ्यात हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, यंदा मावसभावाने विचारला, म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. माझ्याकडे आधी चार वर्षं 3 लिटरचा, 3 किलोवॅटचा इन्स्टंट होता, म्हणजे नळ सोडला की वाहतं पाणी तापवणारा, आता तीन हिवाळे झाले, 15 लिटरचा स्टोरेज आहे, म्हणजे टाकीत पाणी तापवून ठेवणारा, बाहेरून तापमानाचा नॉब असलेला. कोणत्या कंपनीचा घ्यायचा ते तुमचं तुम्ही बघा, मी फक्त पाहिजे तेवढंच गरम पाणी कशातून मिळतं त्याबद्दल बोलतो.

साध्या इन्स्टंटला तापमान कमीजास्त करायला वेगळं काही नसतंच, नळाची तोटी हाच त्याचा नॉब. 3 किलोवॅटवर मिनिटाला एक लिटरची धार सोडली तर पाणी साधारण 43 डिग्रीने वाढतं, दोन लिटर सोडली तर 21 ने, तीन सोडली तर फक्त 14 ने. आता जानेवारीत सकाळी सहाला गच्चीवरच्या टाकीतलं पाणी 15 डिग्री धरा, अंघोळीला 40 तरी पाहिजे, म्हणजे धार पावणेदोन लिटरच्या वर नेताच येत नाही आणि 20 लिटरची बादली भरायला अकरा-बारा मिनिटं जातात. मुंबई-पुण्याला चालत असेल, आपल्याकडे पारा सहा-सातवर येतो तेव्हा ही बारा मिनिटं लई मोठी वाटतात.

पण वेळेचं एकवेळ चालवून घेतलं असतं. मला वैताग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा, तोटी रोज नव्याने जुळवावी लागायची. आमच्या गल्लीत सकाळी व्होल्टेज पडतं, स्टॅबिलायझरवर 180 चा आकडा मी कितीदा पाहिलाय, आणि व्होल्टेज पडलं की हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशोबाने पडते, 230 ला 3 किलोवॅट देणारा 180 ला जेमतेम 1.8 देतो. म्हणजे काल जिथे तोटी ठेवली तिथेच आज ठेवली तर पाणी कोमट. धार अजून बारीक करायची, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात कोणी नळ सोडला की बाथरूमची धार एकदम करंगळीएवढी, मग त्याच पाण्याचा चटका बसतो, आतला कटऑफ (जास्त तापलं की वीज तोडणारा स्विच) पडतो आणि लगेच गार पाणी सुरू. वडील सत्तरीच्या पुढचे, एका हाताने भिंत धरून दुसऱ्या हाताने तोटी केसभर इकडे, केसभर तिकडे करत उभे राहायचे आणि आतून आवाज यायचा, "पानी थंडं शे रे भाऊ." एकदा त्यांच्या मनगटावर लाल चट्टा उठला, त्याच आठवड्यात मी स्टोरेज आणला.

स्टोरेजमध्ये व्होल्टेज पडलं तर पाणी गार येत नाही, फक्त तापायला जास्त वेळ लागतो. 2 किलोवॅटच्या गीझरला 15 लिटर पाणी 15 वरून 60 ला न्यायला पंचवीसेक मिनिटं लागतात, व्होल्टेज कमी असेल तर चाळीस, ते आपण झोपेतून उठून स्विच टाकला की होऊन जातं. नॉब कुठे ठेवायचा याचाही हिशोब सोपा आहे. 50 वर ठेवलं तर गार पाणी मिसळून 40 डिग्रीचं साधारण 21 लिटर होतं, म्हणजे एक बादली, 60 वर ठेवलं तर 27 लिटर. हे झालं कागदावर, प्रत्यक्षात थोडं कमी मिळतं कारण गरम पाणी निघतं तसं खालून गार भरत जातं. एरवी मी 50 वर ठेवतो, पाहुणे असले की 60. आठवड्यातून एकदा मात्र 60 ला नेतोच, कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात. त्याच्या वर कायम ठेवायचं नाही, आपलं बोअरचं पाणी जड, जितकं जास्त तापवाल तितका क्षार कॉइलवर बसतो. दोन वर्षांनी उघडला तेव्हा कॉइलवर चुन्यासारखा पांढरा थर होता आणि टाकी गंजू नये म्हणून आत असतो तो मॅग्नेशियमचा रॉड पेन्सिलीएवढा बारीक झालेला, तो बदलावा लागला. हा खर्च इन्स्टंटवाल्याला नाही, ते मान्य.

लाईट बिलाचं म्हणाल तर बादलीभर पाण्याला दोन्हीकडे सारखंच, साधारण 0.6 युनिट. स्टोरेजचं जास्त जातं ते स्विच चालू ठेवून विसरलं तर, टाकी गार होत राहते आणि तो पुन्हा पुन्हा तापवत राहतो. खान्देशात तसाही गीझर तीन-चार महिनेच लागतो, एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचंच पाणी अंगावर घेववत नाही.

एकटे राहत असाल, भाड्याची खोली असेल किंवा फक्त भांड्यांच्या सिंकला पाहिजे असेल तर इन्स्टंट घ्या, जागा कमी खातो आणि लगेच पाणी देतो. व्होल्टेज चांगलं असेल तर कदाचित तुम्हाला माझ्यासारखा त्रास होणारही नाही. घरात म्हातारं माणूस किंवा लहान पोर असेल तर मी तरी स्टोरेजच सांगेन, आणि घेताना नॉब बाहेर आहे ना ते बघून घ्या, काहींचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवणारा भाग, झाकणाच्या आत असतो, मग दरवेळी वायरमन बोलवा. माझ्या नॉबवरचे आकडे पुसट होते म्हणून मार्करने 50 ला एक रेघ आणि 60 ला दोन रेघा मारल्यात, वडील चष्मा न लावता बघतात.