सुप्रा: जुळे टर्बो ठेवायचे की एकच मोठा बसवायचा?

१९९३च्या टोयोटा सुप्राच्या तीन लिटर, सहा सिलिंडरच्या २जेझेड-जीटीई इंजिनात दोन टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे) टप्प्याटप्प्याने कामाला लागतात. कमी आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) पहिला एकटा, साधारण ४०००च्या पुढे दुसरा जोडीला. म्हणून गर्दीत, चढावर गाडी चटकन उचल घेते. पण हा ताळमेळ सांभाळणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळ्यांचं आणि व्हॉल्व्हचं जंजाळ असं, की तीस वर्षांनी एक नळी तडकली तरी दुसरा टर्बो रुसतो. दोष शोधण्यात रविवार गेलाच समजा.

एकच मोठा टर्बो बसवला की बॉनेटखाली मोकळं होतं, वरच्या आरपीएमला ताकद भरपूर. मात्र तोवर वाट बघा! शिवाय मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर टर्बोकडे नेणारे पाइप), इंधनपंप, इंजेक्टर, ट्यूनिंग यांचा खर्च वेगळाच. ४०० हॉर्सपॉवरवर भागत असेल तर मी जुळेच ठेवीन.